पूर मिठीचा, ठपका मात्र मोहल्ल्यावर

जुलै उजाडला की एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. मुंबईत दोन दिवस संततधार लागते, मिठीचे पाणी चढते, कुर्ल्याच्या क्रांतीनगरात भोंगा वाजतो आणि बायका-पोरांना पालिकेच्या शाळेत हलवले जाते. मग वाहिन्यांचे कॅमेरे येतात. आधी पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या दाखवतात, मग पत्र्याची घरे, मग एखादे दाढीवाले चाचा किंवा बुरख्यातली खाला. पाठीमागून आवाज येतो की अतिक्रमणामुळे मिठीचा श्वास कोंडला आहे. संध्याकाळच्या चर्चेत कुणीतरी ‘घुसखोर’ हा शब्दही सोडून जातो. पाणी ओसरते, शब्द मात्र चिकटून राहतो.

कॅमेरा जिथे कधी वळत नाही, त्या जागेबद्दल हा लेख आहे. नदीच्या वरच्या अंगाला विमानतळ आणि खालच्या अंगाला बांद्रा-कुर्ला संकुल, म्हणजे आपले बीकेसी. दोन्ही प्रचंड मोठ्या जागा, दोन्ही नदीच्या पात्रात आणि दलदलीत घुसलेल्या, आणि दोन्ही पूर्ण कायदेशीर. अतिक्रमण हा शब्द आपल्याकडे फक्त पत्र्याला लागतो. काचेला लागत नाही.

मिठीची वाट पाहू. विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले की त्यांचे सांडपाणी एकत्र येते आणि मरोळ, साकीनाका, जरीमरी, कुर्ला, कलिना, धारावी असे करत माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. लांबी जेमतेम १८ किलोमीटर. डोंगरातून येणारी छोटी नदी पावसात झटकन चढते आणि झटकन उतरते, पण तिला पसरायला जागा लागते. उन्हाळ्यात ज्या पट्ट्यात पाणी दिसत नाही, तोही नदीचाच असतो. त्याला पूरमैदान म्हणतात. मिठीचे पूरमैदान म्हणजे खालच्या भागातली खारफुटीची दलदल. भरती आली की तिथे खारे पाणी, पाऊस आला की गोडे पाणी, आणि दोन्ही एकदम आले तरी दलदल ते सामावून घेत असे.

या दलदलीवर बीकेसी उभे राहिले. १९७७ मध्ये एमएमआरडीए तिथले विशेष नियोजन प्राधिकरण झाले, आणि पुढच्या काही दशकांत सुमारे ३७० हेक्टरच्या या प्रकल्प क्षेत्रातल्या सखल जमिनी भराव टाकून उंच करण्यात आल्या. मुंबईच्या दक्षिण टोकाकडची गर्दी कमी करण्यासाठी नवे व्यापारी केंद्र हवे होते. गरज खरी होती, त्याबद्दल वाद नाही. वाद पाण्याच्या हिशेबाबद्दल आहे, आणि तो हिशेब दहावीच्या गणितात बसतो. वही घ्या.

दलदलीचा एक हेक्टर जर एक मीटर खोल पाणी सामावत असेल, तर ते दहा हजार घनमीटर झाले, म्हणजे एक कोटी लिटर. ३७० हेक्टरपैकी समजा निम्म्याच जागेत नदी अशी पसरत होती. तरी १८५ कोटी लिटर पाण्याची जागा भरावाखाली गेली. हे पाणी नाहीसे होत नाही. ते वर सरकते, बाजूला सरकते, आणि जिथे भराव टाकायला कुणी पैसे दिले नाहीत तिथे शिरते. हे पहिले नुकसान.

दुसरे नुकसान त्या जागेवर पडणाऱ्या पावसाचे. अभियंते त्यासाठी अगदी साधे सूत्र वापरतात: क्षेत्रफळ, गुणिले पावसाचा ताशी वेग, गुणिले वाहून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण. माती आणि झाडी असलेल्या जागेत पडलेल्या पावसातला निम्मा भाग वाहून जातो असे धरतात, बाकीचा मुरतो किंवा साचून राहतो. काँक्रीट, डांबर आणि काच असेल तर नव्वद टक्के वाहतो. मुंबईची जुनी गटारव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि निम्मे पाणी वाहील या गृहीतावर आखलेली होती. त्या हिशेबाने ३७० हेक्टरमधून सेकंदाला सुमारे १३ घनमीटर पाणी बाहेर पडेल. आता सगळे काँक्रीट धरा आणि पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरा, जो मुंबईला अजिबात नवीन नाही. आकडा ४६ घनमीटरवर जातो. सेकंदाला सेहेचाळीस हजार लिटर. तुमच्या गल्लीत उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे साडेचार टँकर दर सेकंदाला मिठीत रिकामे होत आहेत, आणि हे तासभर चालले आहे. एवढ्या मोठ्या जागेचे सगळे पाणी एकाच क्षणी नदीपाशी पोहोचत नाही, हे मान्य. आकडा थोडा खाली येईल. तेरावर मात्र येणार नाही.

तिसरे नुकसान कुठल्याच अहवालात नीट दिसत नाही, पण मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला ते माहीत असते. मोठी जागा उंच झाली की शेजारची जागा खड्डा होते. घर होते तिथेच असते, उंबरठा होता तेवढाच असतो, पण पुढचा रस्ता दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा आणखी एक थर घेऊन वर येतो आणि मागचे संकुल भरावाने वर गेलेले असते. म्हणून कुर्ला-जरीमरीत, भारतनगरात, बेहरामपाड्यात लोक पलंगाखाली विटा लावतात, फ्रिज स्टँडवर चढवतात, रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवतात. दर चार-पाच वर्षांनी उंबरठा एक वीत वाढवतात. हा खर्च कुठल्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात असतो? कुठल्याच नाही. तो आपल्या अम्मीच्या भिशीतून जातो.

आता वर जाऊ. मिठी विमानतळाच्या हद्दीत पोहोचते तेव्हा तिला सरळ जाऊ दिलेले नाही. धावपट्टीसाठी प्रवाह वळवला, काटकोनात मोडला आणि धावपट्टीच्या खालून चिंचोळ्या मार्गाने काढला. पाणी काटकोनात वळत नाही, ते भिंतीवर आदळून मागे फुगते. मागे कोण आहे? जरीमरी, बैलबाजार, क्रांतीनगर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. म्हणजे आभाळ फाटले ते नेमके मिठीच्या खोऱ्यावर. असा पाऊस कुठलीच गटारव्यवस्था झेलू शकत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ९४४ मिलिमीटरची आठवण सांगून २०० मिलिमीटरचा पूर माफ करून घेणे हा दुसराच प्रकार झाला, आणि गेली वीस वर्षे तोच चालू आहे.

या शहराला आधी कुणी सावध केले नव्हते असे नाही. १९८५ च्या पुरानंतर पालिकेने सल्लागार नेमले, आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा आराखडा तयार होऊन हातात आला. गटारांची क्षमता दुप्पट करा, पंपिंग स्टेशने बांधा, नाले रुंद करा, हे सगळे त्यात होते. बारा वर्षे तो बहुतांशी कागदावरच राहिला. २००५ उलटल्यावर डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, २००७ मध्ये केंद्राने ब्रिमस्टोवॅडसाठी सुमारे १,२०० कोटी मंजूर केले. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंप बसले. त्याचा फायदा झाला, नाही असे कोण म्हणेल? पण कुर्ला, शीव, चेंबूर या पट्ट्याला ज्याची आस होती ते माहुलचे पंपिंग स्टेशन जागेच्या वादात वर्षानुवर्षे अडकले. सगळ्यात सखल आणि सगळ्यात गरीब वस्तीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, हा योगायोग आपण किती वेळा मान्य करायचा?

नदीत गाळ साचतो, तो काढावा लागतो. २०२५ च्या मे महिन्यात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशातल्या कथित गैरव्यवहाराबद्दल गुन्हा नोंदवला. रक्कम ६५ कोटींहून अधिक. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, न्यायालय काय ते ठरवेल. पण या प्रकरणात ठेकेदार आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांची नावे आरोपी म्हणून आली, क्रांतीनगरातल्या कुणाची आली नाही, एवढे तरी चर्चेतल्या निवेदकाने लक्षात ठेवावे.

इथे आपल्या बाजूचाही एक सोयीचा युक्तिवाद मोडून काढायला हवा. ‘मोठे लोक करतात तर आम्ही का नाही’ असे म्हणणारे आपल्यात आहेत. वस्तीतले काही भाई नदीच्या काठावर डेब्रिज टाकून नवी जागा तयार करतात, तिच्यावर खोल्या बांधतात आणि बिहारहून, मराठवाड्याहून आलेल्या गरीब कुटुंबांना विकतात. ते त्या कुटुंबाला पुराच्या तोंडी देतात आणि मागच्या गल्लीचेही पाणी अडवतात. याला गरिबी म्हणत नाहीत, याला धंदा म्हणतात. नदीच्या अगदी कडेला राहणाऱ्या माणसाला तिथून हलवलेच पाहिजे, कारण त्याचा जीव धोक्यात आहे. प्रश्न कुठे हलवायचे हा आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडली तेव्हा लोकांना माहुलला पाठवले, रिफायनरीच्या धुरात, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की लोकांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही. मिठीच्या काठावरच्या माणसाचे घर गेले तर पर्याय त्याच वॉर्डात, मुलांच्या शाळेच्या आणि बापाच्या कामाच्या टप्प्यात मिळाला पाहिजे. ही मागणी करायचा नैतिक हक्क हवा असेल तर डेब्रिजवाल्या भाईला पाठीशी घालणे बंद करावे लागेल. इलेक्शनच्या वेळी तर आणखीच.

आपल्या फिकहमध्ये ‘हरीम’ नावाची एक संकल्पना आहे. मदरशात शिकलेल्यांना ती माहीत असेल, कॉलेजात शिकलेल्या बहुतेकांना नसते. विहीर, झरा, कालवा, नदी यांच्याभोवतीचा ठरावीक पट्टा हा त्या पाण्याचाच हक्क मानला जातो. तिथे खासगी बांधकाम करून वापरात किंवा निगा राखण्यात अडथळा आणता येत नाही. किती हात जागा सोडायची, कुठल्या पाण्याला हरीम आहे आणि कुठल्याला नाही, यावर फकीहांत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात संहिताबद्ध झालेल्या ‘मजल्ला’तही हरीमची स्वतंत्र कलमे आहेत. आज अभियंता ज्याला पूररेषा म्हणतो, त्यामागचा विचार आपल्या फकीहांनी शेकडो वर्षांपूर्वी मांडला होता. पाण्याची जागा पाण्याची. तिच्यात घुसणारा झोपडपट्टीदादा असो की बँकेचे मुख्यालय, हरीम मोडणारा तो हरीम मोडणाराच. इस्लामी न्यायशास्त्राचा तो पायाभूत नियमही आठवा, की स्वतःच्या मालकीच्या जागेतसुद्धा दुसऱ्याला इजा होईल असे वागता येत नाही. स्वतःचा प्लॉट उंच करून पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या घरात ढकलणे याला इजा म्हणायचे नाही तर कशाला?

महाराष्ट्राच्या कायद्यातही हे आहेच. १९८९ पासून राज्यात नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखायची पद्धत आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल. निळ्याच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लालच्या मध्ये नियंत्रित. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, त्यानंतर तिथे पूररेषेवरून केवढे रण पेटले ते कोकणातल्या वाचकांना आठवत असेल. व्यापाऱ्यांची भीती खरी होती: जुने घर, जुने दुकान एका रेषेने कवडीमोल होणार. मग एक सरळ प्रश्न. चिपळूणच्या दुकानदाराला आणि सांगलीच्या घरमालकाला जी रेषा दाखवली जाते, ती मुंबईत काचेच्या मनोऱ्याला त्याच आवाजात का दाखवली जात नाही? रेषा काढायची तर सगळ्यांसाठी काढा.

आता आसामकडे पाहू. आपल्यावर उद्या काय येऊ शकते ते तिथे दिसते. २०२२ च्या जूनमध्ये बराक नदीच्या पुराने सिलचर बुडाले. बेथुकांदी इथला बांध कुणीतरी फोडला होता. काही मुस्लिमांना अटक झाली आणि समाजमाध्यमांवर ‘फ्लड जिहाद’ हा शब्द जन्माला आला. दोन वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, खुद्द मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी गुवाहाटीतल्या पुरासाठी मेघालयाच्या हद्दीतल्या एका खासगी विद्यापीठाला जबाबदार धरले आणि तोच शब्द वापरला. विद्यापीठाचे कुलपती बंगाली वंशाचे मुस्लिम आहेत. डोंगर कापून कॅम्पस बांधला, म्हणून पाणी खाली आले, असा आरोप.

या आरोपाला उत्तर देताना आपल्यातले बहुतेक जण चिडले, आणि ते साहजिक होते. पण नीट उत्तर दोन भागांत द्यायला हवे होते. पहिला भाग: डोंगर उघडा केला की पाणी आणि माती वेगाने खाली येतात, हे विज्ञान आहे. कुठल्याही विद्यापीठाने नियमाबाहेर डोंगर कापला असेल, पाणी अडवायची सोय केली नसेल, तर त्याची चौकशी आणि दंड झालाच पाहिजे, मग संस्थापकाचे नाव काहीही असो. ‘आपल्या माणसाचे कॉलेज’ म्हणून आपण त्याला सूट मागायची नाही. दुसरा भाग: गुवाहाटीच्या पुराचा हिशेब एका कॅम्पसवर संपत नाही. शहराचे पाणी सामावणाऱ्या सिलसाको बीलसारख्या पाणथळ जागांवर सरकारी आणि खासगी संस्था कुणी उभ्या केल्या? भरलू नदीचा नाला कुणी केला? जोराबाटच्या आसपासचे इतर डोंगर कुणी पोखरले? हा सगळा हिशेब टाळायचा असेल तर ‘जिहाद’ हा शब्द फार कामाचा आहे. त्याने अभियंत्याची सुटका होते, ठेकेदाराची होते, परवानगीवर सही करणाऱ्याचीही होते.

मिठीच्या बाबतीत हा शब्द अजून आलेला नाही. येणारच नाही असे समजून बसू नका. त्याच्या आधी आपल्या हातात आकडे हवेत.

आणि इथेच आपली खरी कमतरता आहे. पूर आल्यावर आपण काय करतो ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. २००५ ला मुंबईत, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ ला चिपळूण-महाडमध्ये मशिदींचे दरवाजे उघडले गेले, देगी चढल्या, तरुणांनी गुडघाभर चिखल उपसला, कुणाचा धर्म विचारला नाही. या खिदमतीचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण पूर येण्याच्या आधी, जेव्हा भराव टाकायची परवानगी दिली जाते, तेव्हा आपण कुठे असतो? विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, कायद्याने मुदत दिली जाते, सुनावणी होते. तिथे बिल्डरांचे वकील असतात, एखाद-दुसरी पर्यावरण संघटना असते, पार्किंगची तक्रार घेऊन आलेली सोसायटी असते. क्रांतीनगर नसते, भारतनगर नसते. खिचडी वाटायला दोनशे पोरे धावून येतात, आणि हरकतीच्या अर्जावर सही करायला वीसही मिळत नाहीत. मदत करणारी कौम म्हणून आपली छायाचित्रे छापून येतात. प्रश्न विचारणारी कौम म्हणून कधी येणार?

मोठ्या जागेकडून मागायचे काय, ते अगदी स्पष्ट आहे, आणि ते जगात नवे नाही. जागा विकसित होण्याआधी तिच्यातून जेवढे पाणी ज्या वेगाने बाहेर पडत होते, त्यापेक्षा जास्त विकासानंतर पडता कामा नये. जास्तीचे पाणी जागेच्या आत थोपवा, पाऊस आणि भरती ओसरली की हळूहळू सोडा. नवी मुंबई वसवताना सिडकोने हेच केले. तिथली जमीन भरतीच्या पातळीच्या खाली, म्हणून नेदरलँड्सच्या धर्तीवर धारण तलाव खोदले. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटीला झडपा उघडून खाडीत जाते. पुढे त्या तलावांत गाळ आणि खारफुटी माजली आणि सफाईवरून वाद सुरू झाले, ही वेगळी रड. पण कल्पना पक्की होती. मुंबई पालिकेनेही हिंदमाताचे पाणी साठवायला जवळच्या मैदान-उद्यानांखाली भूमिगत टाक्या बांधल्या. म्हणजे तंत्र आहे, जागा काढता येते, पैसाही निघतो.

मग बीकेसीत का नाही? तिथे एमएमआरडीएची मोठमोठी मैदाने आहेत. हिवाळ्यात तिथे प्रदर्शने भरतात, लग्ने लागतात, गाण्याचे कार्यक्रम होतात. पावसाळ्यात मैदान बहुतेक रिकामेच असते. ते दीड मीटर खोल उतरवले, कडेने पायऱ्या आणि उतार केले, तर दहा हेक्टरच्या मैदानात पंधरा कोटी लिटर पाणी काही तास थोपवता येईल, आणि दिवाळीनंतर तिथेच पुन्हा मांडव पडेल. भरतीच्या पाण्यापासून ते जपायला झडपा लागतील, रिकामे करायला पंप लागतील, गाळ दरवर्षी काढावा लागेल. हे सगळे खर्चाचे आहे. पण इथली जमीन देशातल्या सर्वांत महागड्या जमिनींमध्ये मोडते. भूखंडांच्या लिलावातून येणाऱ्या पैशातला थोडा तरी नदीकडे परत जायला काय हरकत आहे?

नव्या जागांबाबत तर उशीर व्हायच्या आतच बोलावे लागेल. नवी मुंबईचे विमानतळ ११६० हेक्टरवर उभे राहिले. त्यासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला, उलव्याची टेकडी छाटली, जमीन कित्येक मीटर उंच केली. आसपासच्या पारगाव-डुंगीच्या लोकांनी पाणी घरात शिरत असल्याची तक्रार काम चालू असतानाच केली होती. तिथले गावकरी बहुतेक आगरी-कोळी. मुद्दाम सांगतो, कारण ‘आपला प्रश्न’ म्हटले की आपली नजर आपल्याच मोहल्ल्यापुरती जाते. जरीमरीचा रहमान आणि डुंगीचा पाटील एकाच चुकीच्या अभियांत्रिकीत बुडतात. दोघे एका अर्जावर सही करतील तो दिवस सत्तेला जड जाईल.

आपल्या स्वतःच्या जागा विसरून चालणार नाही. ट्रस्टची शाळा, वक्फच्या जागेवरचे कॉलेज, ईदगाह, कब्रस्तान. गेल्या पंधरा वर्षांत आपण यातल्या बहुतेकांना पेव्हर ब्लॉक आणि कोबा घालून ‘सुंदर’ केले. ईदच्या नमाजाला चिखल नको, हे कारण. पण मैदानाच्या कडेने खडी भरलेला चर, खाली शोषखड्डा, छताचे पाणी बोअरमध्ये, वुजूचे पाणी बागेत, यातले काय केले? साबण नसलेले इतके स्वच्छ सांडपाणी दुसऱ्या कुठल्या इमारतीतून निघत नसेल, आणि आपण ते गटारात सोडतो. इज्तेमाच्या वेळी लाखोंचे मैदान उभे करताना हीच पोरे उतार काढतात, चर खोदतात, वुजूचे पाणी कुठे जाईल ते आधी ठरवतात. म्हणजे अक्कल आहे. ती तीन दिवसांनी तंबूबरोबर गुंडाळून ठेवायची कशाला?

सिव्हिल इंजिनिअरिंग करणारी आपली मुले-मुली आता प्रत्येक शहरात आहेत. बहुतेकांचे डोळे आखातातल्या नोकरीवर असतात, त्यात गैर काही नाही. पण जायच्या आधी एक पावसाळा मोहल्ल्याला द्या. लेव्हल मशीन कॉलेजात असते. वस्तीतल्या प्रत्येक गल्लीची पातळी, नाल्याच्या तळाची पातळी आणि शेजारच्या मोठ्या प्रकल्पाच्या जोत्याची पातळी एका नकाशावर मांडा. मागच्या पुराच्या खुणा भिंतींवर अजून आहेत, त्या मोजा. एवढा एक नकाशा सुनावणीत टेबलावर ठेवला तर ‘कचऱ्यामुळे तुंबते’ हे वाक्य बोलायला अधिकाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागेल.

कागद मागायची वाटही अवघड नाही. वीस हजार चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. मंजुरीच्या अटींत पावसाच्या पाण्याचा निचरा असतो, आणि दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल कुणी वाचत नाही, या भरवशावर लिहिले जातात. तुमच्या वस्तीशेजारच्या प्रकल्पाचा शेवटचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जात तीनच गोष्टी विचारा: जागेची भरावाआधीची आणि आताची पातळी काय, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा विकासाआधीचा आणि नंतरचा आकडा काय, आणि जास्तीचे पाणी थोपवायला जागेत किती घनमीटरची सोय आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. मेच्या पहिल्या आठवड्यात टाकला तर पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत उत्तर हातात असेल.